पंधरा सेंटचा बर्गर आणि त्याच्याखालची जमीन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेटवर्क जाऊन ज्यांचा एपिसोड अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना वेळेअभावी गाळलेले दोन-तीन मुद्देही इथे घातले आहेत.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. मॅकडॉनल्ड्स ही कंपनी पैसे कशावर कमावते?

‘बर्गरवर’ असं कुणीही सांगेल. थोडी जास्त माहिती असलेला म्हणेल, ‘नाही रे, फ्राइज आणि कोल्ड्रिंकवर, त्यात मार्जिन जास्त असतं.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते दुकानदाराच्या कमाईबद्दल बोलतायत. कंपनीचा ताळेबंद उघडला की वेगळं चित्र दिसतं. जगभरात चाळीस हजारांहून जास्त आऊटलेट्स, त्यातली साधारण ९५ टक्के फ्रँचायझी, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी पैसे घालून चालवलेली. आणि या दुसऱ्यांकडून कंपनीला जे पैसे येतात, त्यात नावाच्या रॉयल्टीपेक्षा मोठा आकडा असतो जागेच्या भाड्याचा.

म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध बर्गर कंपनी ही मुळात घरमालक आहे. हे कसं झालं? त्यासाठी आपल्याला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो नावाच्या गावात जायचंय. पण त्याआधी एक छोटा थांबा.

पांढरा किल्ला

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर या लेखकाची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत काय चालतं, तिथे मांस किती घाणीत तयार होतं, हे त्यात इतकं उघडंवाघडं लिहिलं होतं की अमेरिकेत खळबळ उडाली. त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. पण लोकांच्या मनातून संशय गेला नाही. खिमा तर नकोच, त्यात काय मिसळलं असेल कुणाला ठाऊक! हॅमबर्गर म्हणजे जत्रेतलं, कारखान्याच्या गेटबाहेरचं, हलकं खाणं.

या पार्श्वभूमीवर १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रॅम या दोघांनी ‘व्हाइट कॅसल’ सुरू केलं. नाव बघा, पांढरा किल्ला. इमारत पांढरी, आतली भांडी लख्ख, कामगारांचे कपडे स्वच्छ, आणि मांस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भाजायचं. किंमत पाच सेंट. प्रत्येक शाखा दिसायला सारखी, चवीला सारखी. ‘तुम्ही कुठल्याही गावात असा, इथे काय मिळणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे’ हा फास्ट फूडचा पहिला मंत्र इथे तयार झाला. त्यांनी प्रत्यक्षात विकला तो भरवसा.

मग आज जगभर व्हाइट कॅसल का नाही? कारण त्यांनी फ्रँचायझी द्यायचं टाळलं. दुकानं स्वतःची, पैसा स्वतःचा, वाढ हळूहळू. शंभर वर्षांनंतरही अमेरिकेत त्यांची दुकानं चारशेच्या आतच आहेत, आणि कंपनी अजून त्या कुटुंबाकडेच आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोन भाऊ, एक बंद दुकान

आता सॅन बर्नार्डिनो. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड हे दोघे भाऊ. घरचे लोक त्यांना डिक आणि मॅक म्हणायचे. मूळचे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचे, न्यू हॅम्पशायरचे. वडील बुटांच्या कारखान्यात होते, त्यांची नोकरी गेली होती. ही पोरं नशीब काढायला हॉलिवूडला आली आणि स्टुडिओत सेट हलवायचं, लाइट उचलायचं काम करू लागली. मग एक थिएटर चालवून बघितलं, ते चाललं नाही. मग विमानतळाजवळ खाण्याचा स्टॉल टाकला, तो चालला. १९४० मध्ये त्यांनी सॅन बर्नार्डिनोत मोठं ड्राइव्ह-इन रेस्टॉरंट काढलं.

ड्राइव्ह-इन म्हणजे काय? तुम्ही गाडी आणून लावायची, गाडीतच बसायचं, आणि कारहॉप म्हटल्या जाणाऱ्या मुली तुमची ऑर्डर घेऊन ट्रे आणून द्यायच्या. कॅलिफोर्नियात तेव्हा मोटारींचं वेड होतं आणि भावांचं दुकान जोरात चालायचं. सुमारे वीस कारहॉप, पंचवीसेक पदार्थ, बार्बेक्यू वगैरे. भाऊ श्रीमंत झाले.

पण डोकेदुखीही होती. चांगला आचारी टिकत नव्हता, टिकला तर पगार वाढवून मागायचा. प्लेटा फुटायच्या, काटे-चमचे चोरीला जायचे. टवाळ पोरं गाड्या लावून तासन् तास बसायची, त्यामुळे कुटुंबवत्सल गिऱ्हाईक यायला कचरायचं. भावांनी बिलं तपासली तर कळलं की पंचवीस पदार्थ असले तरी विक्रीतला मोठा हिस्सा एकट्या हॅमबर्गरचा आहे.

मग १९४८ मध्ये त्यांनी चालतं दुकान बंद केलं. सगळ्या कारहॉपना काढून टाकलं. दुकान तीन महिने बंद ठेवलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलं तेव्हा पदार्थ होते फक्त नऊ. हॅमबर्गर, चीजबर्गर, तीन प्रकारची कोल्ड्रिंक्स, दूध, कॉफी, पाय, आणि वेफर्स. हो, वेफर्स! फ्रेंच फ्राइज आणि मिल्कशेक नंतर आले. प्लेट नाही, काटा-चमचा नाही, सगळं कागदात. गिऱ्हाइकाने गाडीतून उतरून खिडकीशी यायचं. आणि बर्गरची किंमत पंधरा सेंट, इतर ठिकाणच्या जवळपास निम्मी.

खरी क्रांती आतमध्ये होती. पूर्वी एक आचारी सगळं करायचा. आता एकजण फक्त मांसाच्या चकत्या भाजणार, एकजण फक्त बन मांडून कांदा-काकडी-केचअप लावणार, एकजण फक्त गुंडाळणार. प्रत्येक बर्गर एकसारखाच. ‘माझ्यात कांदा नको’ म्हणालात तर थांबावं लागेल. केचअप आणि मोहरीची चटणी एका दाबात मोजून पडावी म्हणून त्यांनी एका स्थानिक कारागिराकडून खास पंप बनवून घेतला. पुढे नवं स्वयंपाकघर आखताना त्यांनी घरामागच्या टेनिस कोर्टवर खडूने ओटे, शेगड्या, टेबलं काढली आणि कामगारांना त्या रेषांमध्ये खोटे खोटे बर्गर बनवायला लावलं. कोण कुणाला धडकतो, कुणाची दोन पावलं वाया जातात, ते बघत बघत आराखडा पक्का केला. गोष्ट अशी सांगतात की रात्री पाऊस पडला आणि खडू वाहून गेला, मग सगळं परत काढावं लागलं.

या पद्धतीचं नाव त्यांनी ठेवलं ‘स्पीडी सर्व्हिस सिस्टिम’. हेन्री फोर्डने मोटारीच्या कारखान्यात जे केलं, ते या दोघांनी स्वयंपाकघरात केलं.

इथे एक गोष्ट पटकन नजरेआड होते, म्हणून मुद्दाम सांगतो. या पद्धतीत सगळ्यात आधी कोण गेलं? आचारी. ज्याच्या हातात कसब होतं, जो पगारासाठी अडून बसू शकत होता, तो. त्याच्या जागी आला कुठलाही मुलगा, ज्याला एक काम दोन-चार दिवसांत शिकवता येतं आणि सोडून गेला तर दुसरा मिळतो. मुलगाच, बरं का. पोरं मुलींमागे घोटाळतात म्हणून मॅकडॉनल्ड्समध्ये साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत काउंटरमागे मुली घेत नसत. पंधरा सेंटचा बर्गर स्वस्त झाला तो फक्त कागदी पिशवीमुळे नाही. कामगाराच्या हातातलं कसब काढून ते पद्धतीत घातलं, म्हणून झाला.

पहिले काही महिने दुकान ओस पडलं. जुन्या कारहॉप येऊन चिडवायच्या की आमचे युनिफॉर्म तयार ठेवा, बोलावणार आहात ना आम्हाला! पण हळूहळू टॅक्सीवाले, मजूर, मग लहान पोरं आणि त्यांचे आईबाप यायला लागले. पन्नासच्या दशकाच्या मध्यात हे एकटं दुकान वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या आसपास धंदा करत होतं.

भाऊ मोकळ्या मनाचे होते. कुणी बघायला आलं की पूर्ण स्वयंपाकघर फिरवून दाखवायचे. बघून गेलेल्यांनी मग आपापली दुकानं काढली. पुढे ‘टॅको बेल’ काढणारा ग्लेन बेल तर त्याच गावातला. फ्लोरिडात १९५३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘बर्गर किंग’ म्हणून वाढलेल्या दुकानाच्या मालकानेही आधी सॅन बर्नार्डिनोची वारी केली होती. एका अर्थाने ते गाव फास्ट फूडची पंढरी झालं होतं, आणि दर्शन फुकट होतं.

मिक्सर विकणारा माणूस

१९५४ मध्ये रे क्रॉक नावाचा सेल्समन तिथे पोचला. वय ५२. मधुमेह, संधिवात असे आजार मागे लागलेले, आणि धंदा उतरणीला. तो ‘मल्टिमिक्सर’ नावाचं यंत्र विकायचा, ज्यात एका वेळी पाच मिल्कशेक घुसळता येत. साध्या दुकानाला असं एक यंत्र पुरतं. मॅकडॉनल्ड बंधूंनी घेतली होती आठ. म्हणजे एकाच वेळी चाळीस मिल्कशेक! कुठल्या दुकानाला एवढे शेक लागतात, हे बघायला तो गेला आणि रांग बघून थक्क झाला.

त्याने भावांशी करार केला: देशभर फ्रँचायझी मी विकतो. १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळच्या डेस प्लेन्समध्ये त्याने आपलं पहिलं दुकान उघडलं. पहिल्या दिवसाचा गल्ला ३६६ डॉलर १२ सेंट.

आता कराराचा हिशोब नीट बघूया, कारण सगळी गंमत तिथे आहे. फ्रँचायझी घेणाऱ्याने सुरुवातीला ९५० डॉलर द्यायचे आणि मग दरवर्षी विक्रीच्या १.९ टक्के. या १.९ टक्क्यांतले १.४ क्रॉकचे आणि ०.५ भावांचे. समजा एखाद्या दुकानाने वर्षाला दोन लाख डॉलरचा धंदा केला, तर क्रॉकला मिळणार २,८०० डॉलर. त्यातून त्याने ऑफिस चालवायचं, माणसं ठेवायची, दुकानांची तपासणी करायची. परवडणारच नाही!

त्या काळात इतर फ्रँचायझीवाले पैसे कसे काढायचे? एक तर सुरुवातीची फी भरमसाट घ्यायचे. नाही तर दुकानदाराला सक्तीने आपल्याकडूनच यंत्रं आणि कच्चा माल घ्यायला लावायचे आणि त्यावर नफा मारायचे. क्रॉकने हे केलं नाही, आणि याचं श्रेय त्याला द्यायला हवं. दुकानदार कमावला तरच आपण कमवू, असं त्याचं गणित होतं. पण त्या गणितात तो स्वतः मात्र उपाशी होता.

शिस्तीच्या बाबतीत तो भावांच्याही पुढे गेला. त्याच्या हाताखालच्या फ्रेड टर्नरने १९५८ मध्ये कामाचं मॅन्युअल लिहिलं. चकती किती वजनाची, फ्राइजची काडी किती जाड (०.२८ इंच!), शेगडीवर चकत्या कुठल्या क्रमाने ठेवायच्या, सगळं लिहून. १९६१ मध्ये एका दुकानाच्या तळघरात ‘हॅमबर्गर युनिव्हर्सिटी’ सुरू झाली, नाव विनोदी पण काम गंभीर. बटाटे आधी प्रत्येक दुकानात सोलले जायचे. साठच्या दशकात आयडाहोचा बटाटा-सम्राट जे. आर. सिम्प्लॉट याने गोठवलेले फ्राइज पुरवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत दुकानातली सोलाणी बंदच झाली. आचाऱ्याचं उरलंसुरलं कामही कारखान्यात गेलं.

ज्याची जमीन त्याचा शब्द

क्रॉकला वाचवलं ते हॅरी सोनेबॉर्न या माणसाने. हा आधी ‘टेस्टी फ्रीझ’ या आइस्क्रीमच्या साखळीत काम करायचा. त्याला बर्गरमध्ये फारसा रस नव्हता, त्याला कळत होते कर्ज, करार आणि जमीन.

१९५६ मध्ये त्याने ‘फ्रँचायझी रिअल्टी कॉर्पोरेशन’ नावाची वेगळी कंपनी काढायला लावली. कल्पना अशी. दुकानासाठी जागा शोधायची कंपनीने. ती जमीनमालकाकडून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायची, आणि पुढे बँकेचं कर्ज काढून विकतच घ्यायची. मग तीच जागा फ्रँचायझीवाल्याला पोटभाड्याने द्यायची, आधी २० टक्के चढवून, नंतर ४० टक्के. शिवाय एक अट: हे ठरलेलं भाडं किंवा विक्रीच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं.

आता मघाचंच दुकान घ्या. दोन लाखांची विक्री, पाच टक्के म्हणजे दहा हजार डॉलर. कुठे २,८०० आणि कुठे दहा हजार! जमीनमालकाचं भाडं आणि हप्ते गेले तरी हातात बक्कळ उरतात. आणि बर्गरची किंमत महागाईबरोबर वाढली की विक्रीचा आकडा वाढतो, म्हणजे भाडंही आपोआप वाढतं. पण जुन्या कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो.

पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ताबा. फ्रँचायझीचा करार आणि जागेचा करार एकमेकांना बांधलेले. दुकानदाराने मॅन्युअल मोडलं, संडास अस्वच्छ ठेवले, मेन्यूत भलतंच काही घातलं, तर कंपनी घरमालक म्हणून त्याला बाहेर काढू शकते. आपल्याकडे म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथे सशाच्या जागी जमीन. सोनेबॉर्न तर गुंतवणूकदारांना सरळ सांगायचा की आम्ही खरं म्हणजे जागेच्या धंद्यात आहोत, आणि पंधरा सेंटचे बर्गर विकतो कारण भाडं वसूल करायचा तो उत्तम मार्ग आहे.

व्हाइट कॅसल आठवतंय? त्यांनी सगळं स्वतःच्या पैशाने केलं म्हणून चारशेच्या आत राहिले. मॅकडॉनल्ड्सने दुकान चालवायचा पैसा आणि धोका दुसऱ्याचा ठेवला, जमीन आणि नाव मात्र स्वतःकडे. म्हणून वाढीला लगाम राहिला नाही. त्यात १९५६ मध्येच अमेरिकेत राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला, शहराबाहेर नव्या वस्त्या उभ्या राहू लागल्या, आणि या वस्त्यांच्या रस्त्याकडेच्या जागा तेव्हा स्वस्त होत्या.

भावांचं काय झालं?

१९६१ मध्ये क्रॉकने भावांना विकत घेतलं. किंमत २७ लाख डॉलर, म्हणजे कर भरून प्रत्येकाच्या हातात दहा-दहा लाख. पद्धत, नाव, सोनेरी कमानी, सगळं त्याचं झालं. पुढेही अर्धा टक्का रॉयल्टी मिळत राहील असं हातमिळवणीवर ठरलं होतं, असं सांगितलं जातं, ‘द फाउंडर’ सिनेमातही तेच दाखवलंय. करारात तसं काही नव्हतं. १९६५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २२.५० डॉलरला एक शेअर. आजवर त्या अर्ध्या टक्क्याचे किती झाले असते, याचा हिशोब तुम्हीच करा.

सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान भावांनी स्वतःकडे ठेवलं. पण ‘मॅकडॉनल्ड’ हे नाव, त्यांचं स्वतःचं आडनाव, आता त्यांना पाटीवर लावता येईना. त्यांनी पाटी बदलून ‘द बिग एम’ केली. क्रॉकने शेजारीच नवं मॅकडॉनल्ड्स उघडलं. काही वर्षांत ‘बिग एम’ बंद पडलं.

क्रॉकच्या पुस्तकात आणि कंपनीच्या जाहिरातीत पुढे ‘संस्थापक’ म्हणून क्रॉकच मिरवत राहिला. भाऊ भोळे होते, असं मला म्हणायचं नाही. त्यांनी दहा-दहा लाख मागितले आणि ते घेतले, त्या काळात ही प्रचंड रक्कम होती. पण एक नोंद घ्या: ज्यांनी काम करायची पद्धत शोधली, त्यांना एकदाच पैसे मिळाले. ज्याने मालकीची पद्धत शोधली, त्या कंपनीला रोज मिळतायत.

दुकानदारांचंही असंच. कंपनीचे गाजलेले पदार्थ ऑफिसात बसून सुचलेले नाहीत. सिनसिनाटीच्या लू ग्रोनचं दुकान कॅथलिक वस्तीत होतं. शुक्रवारी ते लोक मांस खात नसत आणि त्याचं दुकान रिकामं पडायचं. म्हणून १९६२ मध्ये त्याने माशाचं सँडविच आणलं. क्रॉकला मासा नको होता, त्याने अननसाच्या चकतीचा ‘हूला बर्गर’ काढला. दोघांनी एका शुक्रवारी पैज लावली. सांगतात की ३५० विरुद्ध ६ असा निकाल लागला आणि ‘फिले-ओ-फिश’ देशभर गेलं. बिग मॅक हा पिट्सबर्गकडच्या जिम डेलिगॅटी या फ्रँचायझीवाल्याचा.

काउंटरमागची माणसं

या रचनेत सगळ्यात खाली कोण? काउंटरमागचा मुलगा किंवा मुलगी. त्यांनी पगारवाढ मागितली की कंपनी म्हणते, हे आमचे नोकर नाहीत, दुकानदाराचे आहेत. दुकानदार म्हणतो, माझ्या हातात आहे काय? भाडं, रॉयल्टी, मालाचा दर्जा, यंत्रं, सगळं वरून ठरतं. मी वाचवू शकतो ते पगारातच. दोघांचंही म्हणणं कागदावर खरं असतं!

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फास्ट फूड कामगारांनी तासाला १५ डॉलरसाठी संप केला. तेव्हा देशाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर होतं, आणि देशपातळीवर ते २००९ पासून तिथेच अडकलंय. संप पसरला, अनेक राज्यांनी आपापलं वेतन वाढवलं. आणि एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियाने मोठ्या फास्ट फूड साखळ्यांतल्या कामगारांसाठी तासाला २० डॉलर किमान वेतन लागू केलं. ज्या राज्यात आचाऱ्याला घालवून हा धंदा सुरू झाला, त्याच राज्यात.

तळोजा, तळेगाव, बारामती

आता आपल्याकडे येऊ. भारतातलं पहिलं मॅकडॉनल्ड्स ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडलं, आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला. पण तयारी कितीतरी वर्षं आधीपासून चालली होती. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, असं हे त्यांचं जगातलं पहिलं ठिकाण. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची जागा, भांडी, माणसं वेगळी. मेयोनीजसुद्धा अंड्याशिवायचं.

मोठी अडचण होती मालाची. बर्फात ठेवून शेतापासून दुकानापर्यंत माल नेणारी साखळी तेव्हा आपल्याकडे जवळपास नव्हतीच. ती उभी करावी लागली, आणि तिचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात आहे. आइसबर्ग लेट्यूसचा कोबीसारखा गड्डा पुण्याजवळच्या तळेगावच्या शेतांतून, चीज बारामतीच्या डेअरीतून, टिक्क्या आणि पॅटी तळोज्याच्या कारखान्यातून. म्हणजे सॅन बर्नार्डिनोच्या खडूच्या रेषा रायगड जिल्ह्यापर्यंत पोचल्या.

२००१ मध्ये मात्र मोठा दणका बसला. अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये गाईच्या मांसापासून केलेला स्वाद वापरतात, हे तिथल्या खटल्यातून बाहेर आलं. कंपनीने १९९० मध्ये जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरायचं जाहीर केल्यामुळे तिथले अनेक हिंदू आणि शाकाहारी लोक निर्धास्त फ्राइज खात होते. इकडे ठाण्यात एका आऊटलेटची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही नाही, असं कंपनीने सांगितलं. अमेरिकेत माफी आणि एक कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. व्हाइट कॅसलने विकायला काढलेला भरवसा किती महाग असतो, ते यातून कळतं.

मग २००४ मध्ये आलं वीस रुपयांचं मेन्यू. पंधरा सेंटचंच भारतीय भाषांतर. आपल्यापैकी किती जणांनी पहिला आलू टिक्की बर्गर त्या वीस रुपयांत खाल्लाय!

मालकीचा वादही इथे झाला. उत्तर आणि पूर्व भारतातले भागीदार विक्रम बक्षी आणि कंपनी यांच्यात २०१३ पासून कोर्टकचेऱ्या चालल्या. २०१७ मध्ये कंपनीने त्यांच्या १६९ आऊटलेट्सचा परवाना रद्द केल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने त्यांचा हिस्सा विकत घेतला. वीस वर्षांहून जास्त काळ धंदा उभा करणारा भागीदारसुद्धा पाटीचा मालक नसतो.

आणि आपला वडापाव?

दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे क्रॉकची कंपनी शेअर बाजारात आली त्याच्या पुढच्याच वर्षी. झटपट, स्वस्त, हातात धरून खाता येणारा. फास्ट फूडच्या सगळ्या व्याख्येत बसतो. पण व्यवहार पूर्ण उलटा! नाव कुणाच्या मालकीचं नाही, पद्धत कुणाच्या मालकीची नाही, आणि कसब अजून गाडीवाल्याच्या हातात. म्हणून तर आपण भांडतो की कीर्ती कॉलेजजवळचा चांगला की आमच्या नाक्यावरचा.

२००१ मध्ये धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनबाहेर जे दुकान सुरू केलं, त्याचं पुढे ‘जंबोकिंग’ झालं, आणि वडापावलाही फ्रँचायझीचं गणित लागलं. त्यात वाईट काही नाही. स्वच्छता मिळते, चव ठरलेली मिळते. मला स्वतःला मात्र लसणाची चटणी दर नाक्यावर वेगळी लागलेलीच बरी वाटते.

हा एपिसोड करायचं खरं कारण सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रोज फोनवर जाहिराती येत असतील: चहाची फ्रँचायझी घ्या, पिझ्झाची घ्या, मोमोची घ्या, इतक्या लाखांत स्वतःचे मालक व्हा. गावाकडची जमीन किंवा वडिलांचा पीएफ घालून पोरं उतरतात. घेऊ नका असं मी म्हणत नाही. अमेरिकेत फ्रँचायझी घेऊन हजारो साधी माणसं खरोखर श्रीमंत झाली. फक्त सही करायच्या आधी सोनेबॉर्नच्या नजरेने करार वाचा. जागा कुणाच्या नावावर आहे? भाडं ठरलेलं आहे की विक्रीवर? माल कुणाकडून घ्यायचा आणि त्याचा भाव कोण ठरवणार? करार संपला तर तुमच्याकडे उरणार काय? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून मागा. तोंडी आश्वासन घेऊ नका. मॅकडॉनल्ड बंधूंच्या गोष्टीतून तेवढं तरी शिकूया.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि वडापाव खाताना सोबत मिरची घ्यायला विसरू नका!